मराठीचे 'णे', इंग्रजीचे 'इंग'

आमच्या वस्तीतली एक मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून नोकरीच्या शोधात होती. वडील गवंडीकाम करणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. त्या घरात इंग्रजीतून परीक्षा देणारी पहिली व्यक्ती म्हणजे हीच. एका खाजगी रुग्णालयातून तिला मुलाखतीचे बोलावणे आले. शिक्षण, गुण, अनुभव सगळे विचारून झाले. शेवटचा प्रश्न होता, रात्रपाळी जमेल का? शिकत असतानाच तिने कितीतरी रात्री वॉर्डात जागून काढलेल्या. तिला सांगायचे होते, 'मला रात्रपाळीची सवय आहे.' ती म्हणाली, 'आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट.'

समोरच्या बाईंनी विचारले, 'मग आता का करत नाही?'

मुलगी गोंधळली. आपण होकार दिला आणि यांना नकार कसा ऐकू आला, हेच तिला कळेना. घाम फुटला, पुढचे शब्द घशात अडकले, मुलाखत तिथेच आटोपली. संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, 'माझं काय चुकलं ते तेवढं सांगा.'

चूक अगदी लहान होती. तिला म्हणायचे होते, 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट.' म्हणजे, रात्री काम करण्याची मला सवय आहे. ती जे बोलली त्याचा अर्थ, पूर्वी मी रात्री काम करत असे, आता करत नाही. एक 'ॲम' राहिला आणि 'वर्क'चे 'वर्किंग' करायचे राहिले. एवढ्याने होकाराचा नकार झाला.

वाचकहो, हा 'वर्किंग' म्हणजे इंग्रजी व्याकरणातला 'जेरंड'. आठवी-नववीच्या मुलांना या शब्दाची धास्ती वाटते. शिकवणीत व्याख्या पाठ करून घेतात, परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न येतो, आणि पेपर संपला की जेरंड विसरला जातो. आम्हांस मात्र अनुभवाने असे दिसून आले आहे की, जेरंड कळण्याची किल्ली आपल्या मराठीतच आहे. ती किल्ली ज्यांना इंग्रजीचे अक्षरही येत नाही अशा आई-वडिलांच्या हातातसुद्धा आहे. या लेखात तीच दाखवायची आहे.

आजीला ठाऊक असलेला जेरंड

मुंबईच्या कापड गिरण्यांत १९८२ च्या संपापूर्वी काम केलेली माणसे आजही आपल्या घरांत आहेत. त्यांना विचारा, गिरणीत कोणकोणती खाती होती? ती सांगतील, स्पिनिंग खाते, वाइंडिंग खाते, वीव्हिंग खाते. वाइंडिंग खात्यात बायका काम करीत. स्पिनिंग म्हणजे सूत कातणे, वाइंडिंग म्हणजे सूत गुंडाळणे, वीव्हिंग म्हणजे विणणे. ज्या आजीला सही करता येत नव्हती, तिच्या तोंडी रोज तीन-तीन जेरंड होते!

आज आपण काय बोलतो? ट्रेनिंग, मीटिंग, बुकिंग, पॅकिंग, वेल्डिंग, वायरिंग, फिटिंग. रेल्वे स्टेशनात पाटी असते 'नो स्मोकिंग', फाटकावर 'नो पार्किंग'. हे सगळे शब्द कामाची नावे आहेत. मूळ शब्द क्रियेचा, म्हणजे क्रियापद. त्याला मागून 'आय-एन-जी' ही तीन अक्षरे जोडली आणि त्या क्रियेचेच नाव झाले. क्रियापदापासून 'इंग' लावून बनलेले आणि वाक्यात नामाचे काम करणारे रूप म्हणजे जेरंड. व्याख्या एवढीच.

आता मराठीत हेच कसे होते ते पाहू. 'पोह' हा धातू. त्याला 'णे' लावले की 'पोहणे' तयार होते. 'पोहणे हा चांगला व्यायाम आहे' या वाक्यात 'पोहणे' हे नाम आहे. इंग्रजीत म्हणतात, 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज.' पोह आणि णे, स्विम आणि इंग. दोन्हीकडे घडण एकच. आपल्या व्याकरणात याला धातुसाधित नाम म्हणतात. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले, त्यातही धातूंपासून बनणाऱ्या अशा शब्दांचा सविस्तर विचार आहे. 'जेरंड' हे नाव लॅटिनमधून आले. त्याच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे त्याचा अर्थ वाहणे, पार पाडणे असा आहे. नाव परके आहे, वस्तू आपल्या घरातली आहे.

लिहिताना थोडी काळजी घ्यावी. 'राइट'चे 'रायटिंग' करताना शेवटचा 'ई' गळतो. 'रन'चे 'रनिंग' करताना 'एन' दोनदा येतो, 'स्विम'चे 'स्विमिंग' करताना 'एम' दोनदा येतो. 'लाय' म्हणजे खोटे बोलणे, त्याचे 'लायिंग' होताना शेवटचे 'आय-ई' जाऊन 'वाय' येतो.

एकच 'इंग', तीन कामे

मुलांचा गोंधळ इथे होतो. 'इंग' दिसले की जेरंड, असे त्यांना वाटते. पण इंग्रजीत 'इंग' तीन ठिकाणी येते आणि रूप तिन्ही ठिकाणी सारखेच असते. ही तीन वाक्ये पाहा.

'शी इज स्टिचिंग अ ब्लाउज.' ती ब्लाउज शिवत आहे. इथे क्रिया चालू आहे, म्हणून हे क्रियापद.

'रनिंग वॉटर.' वाहते पाणी. पाणी कसले, तर वाहते. इथे 'रनिंग' हे विशेषण.

'स्टिचिंग इज हर वर्क.' शिवणे हे तिचे काम आहे. इथे कामाचे नाव आहे, म्हणून हा जेरंड.

इंग्रजीत तिन्हीकडे 'इंग'च. मराठीत मात्र तीन वेगळी रूपे झाली: 'शिवत आहे', 'वाहते', 'शिवणे'. म्हणजे जो फरक इंग्रजी झाकून ठेवते, तो मराठी उघड करून दाखवते. वाक्य मनातल्या मनात मराठीत बोला. 'त आहे' आले तर क्रियापद, 'ता-ती-ते' आले तर विशेषण, 'णे' किंवा 'ण्या' आले तर जेरंड.

इंग्रजीत असे का झाले, याला इतिहास आहे. हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ही रूपे वेगवेगळी होती. क्रियेचे नाव करायला 'उंग' किंवा 'इंग' लावीत, आणि 'वाहते', 'चालते' अशा अर्थाचे विशेषण करायला 'एंडे' लावीत. पुढच्या काही शतकांत दुसरे रूप बदलत गेले आणि तेही 'इंग'मध्येच मिसळले. म्हणून आजच्या इंग्रजीत एकाच शेपटीखाली दोन-तीन कुळे नांदतात. इंग्रजीच्या पंडितांनाही ती नेहमी सुटी करता येत नाहीत. २००२ साली निघालेल्या केंब्रिजच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणाने तर जेरंड आणि विशेषणाचे रूप या दोहोंना मिळून एकच जोडनाव दिले आहे. तेव्हा आपल्या मुलाचा गोंधळ उडाला तर ते मूल मठ्ठ आहे असे समजू नये. गोंधळ भाषेतच आहे.

काठी चालते का?

घरात करमणूक म्हणून खेळण्यासारखा एक खेळ सांगतो. इंग्रजीत दोन शब्द जोडून येतात. 'ड्रिंकिंग वॉटर', 'वॉकिंग स्टिक', 'वेटिंग रूम', 'स्लीपिंग पिल', 'रीडिंग लॅम्प'. आता मुलांना विचारा, 'वॉकिंग स्टिक' म्हणजे चालणारी काठी का? काठी चालते का? मुले हसतील आणि म्हणतील, नाही, चालण्याची काठी. 'वेटिंग रूम' म्हणजे वाट पाहणारी खोली का? नाही, वाट पाहण्याची खोली. 'ड्रिंकिंग वॉटर' म्हणजे पिणारे पाणी नव्हे, पिण्याचे पाणी. 'ण्याची', 'ण्याचे' आले, म्हणून हे सारे जेरंड.

उलट 'क्राइंग बेबी' म्हणजे रडण्याचे बाळ नव्हे, रडणारे बाळ. 'बार्किंग डॉग' म्हणजे भुंकणारा कुत्रा. 'णारा-णारी-णारे' आले, म्हणून ही विशेषणे. 'स्लीपिंग चाइल्ड' आणि 'स्लीपिंग पिल' हे शेजारी ठेवून पाहा. मूल झोपलेले असते. गोळी झोपत नाही, ती झोपण्यासाठी असते. हा खेळ चौथी-पाचवीच्या मुलालाही जमतो आणि जन्मात विसरत नाही.

जिथे 'ण्या', तिथे 'इंग'

आता खरा उपयोगाचा भाग. आपल्याकडे 'वाचणे' या नामाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लागतात, आणि 'णे'चे 'ण्या' होते. वाचण्याने, वाचण्यात, वाचण्याची, वाचण्याआधी, वाचण्याबद्दल. इंग्रजीत हे काम करणारे शब्द नामाच्या आधी येतात: बाय, इन, ऑफ, बिफोर, अबाउट. नियम असा की, या शब्दांच्या पुढे क्रिया आली तर तिला 'इंग' लागलेच पाहिजे. म्हणून वाचण्याने म्हणजे 'बाय रीडिंग', वाचण्यात म्हणजे 'इन रीडिंग', वाचण्याची म्हणजे 'ऑफ रीडिंग', वाचण्याआधी म्हणजे 'बिफोर रीडिंग'.

काही रोजची वाक्ये पाठच करून ठेवावीत. मला इथे काम करण्यात रस आहे: 'आय ॲम इंटरेस्टेड इन वर्किंग हिअर.' आपली मुले अर्जात सर्रास 'इंटरेस्टेड टू वर्क' लिहितात. नोकरीच्या अर्जात 'इंटरेस्टेड इन वर्किंग' असेच लिहावे. उशिरा आल्याबद्दल क्षमा करा: 'सॉरी फॉर कमिंग लेट.' मदत केल्याबद्दल आभार: 'थँक यू फॉर हेल्पिंग मी.' इंग्रजी बोलण्याची भीती: 'फिअर ऑफ स्पीकिंग इंग्लिश.'

काही ठिकाणी मराठी 'ण्या' सोडून दुसरे रूप घेते, हे लक्षात असू द्यावे. 'आफ्टर रीडिंग' म्हणजे वाचल्यानंतर. 'विदाउट रीडिंग' म्हणजे न वाचता. मराठीत रूप बदलले तरी इंग्रजीत 'इंग' कायम आहे. 'डोंट साइन विदाउट रीडिंग', न वाचता सही करू नका. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवून ज्यांनी घरदार गमावले, त्यांच्या नातवंडांनी हे वाक्य व्याकरणासाठीही शिकावे आणि व्यवहारासाठीही.

नकार द्यायचा असेल तर 'नॉट' हा शब्द जेरंडच्या आधी येतो. न येण्याबद्दल म्हणजे 'फॉर नॉट कमिंग'. आपल्याकडेही 'न' आधीच येतो. इथेही दोन्ही भाषांची चाल जुळते.

एक अपवाद मात्र सांभाळला पाहिजे. 'ण्यासाठी' आले की मुले 'फॉर' आणि 'इंग' लावून मोकळी होतात. वस्तूचा उपयोग सांगायचा असेल तर ते बरोबर आहे. ही सुरी भाजी चिरण्यासाठी आहे: 'धिस नाइफ इज फॉर कटिंग व्हेजिटेबल्स.' पण माणसाचा हेतू सांगायचा असेल तर 'टू' आणि साधे क्रियापद येते. मी तुम्हाला भेटण्यासाठी आलो: 'आय केम टू मीट यू.' इथे 'फॉर मीटिंग यू' म्हणू नये. तसेच 'ठरवणे', 'परवानगी' यांसारख्या शब्दांबरोबरही 'टू' येतो. त्याने जाण्याचे ठरवले: 'ही डिसायडेड टू गो.'

दोन 'टू'ची गोष्ट

आमच्या वस्तीतल्या मुलीचा पाय घसरला तो या 'टू'वर. इंग्रजीत 'टू' दोन आहेत. दिसायला सारखे, कामाला वेगळे. एक 'टू' क्रियापदाचा सोबती. 'आय वाँट टू गो', मला जायचे आहे. त्याच्यापुढे साधे क्रियापद येते. दुसरा 'टू' म्हणजे आपल्या 'ला', 'कडे', 'ची' यांसारखा नाते दाखवणारा शब्द. त्याच्यापुढे नाम येते, आणि क्रिया आली तर तिचा जेरंड करावा लागतो.

ओळखायचे कसे? 'टू'च्या पुढे 'इट' ठेवून पाहा. 'इट' म्हणजे ते. 'आय ॲम यूज्ड टू इट', मला त्याची सवय आहे. वाक्य पुरे झाले, अर्थ लागला. म्हणून इथे 'इंग' लागेल: 'यूज्ड टू वर्किंग.' आता 'आय वाँट टू इट' म्हणून पाहा. 'जेवणे' अर्थाचा शब्द नव्हे, 'ते' अर्थाचा. वाक्य लंगडे पडले. म्हणून इथे 'इंग' नाही: 'वाँट टू वर्क.'

याच कसोटीवर अर्जाच्या शेवटची ओळ तपासा. बहुतेक मुले लिहितात, 'आय ॲम लूकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.' 'लूकिंग फॉरवर्ड टू इट' म्हणता येते ना? मग 'हिअर' चुकले, 'हिअरिंग' हवे. 'आय ॲम लूकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू', म्हणजे आपल्या उत्तराची मी वाट पाहत आहे. अर्ज वाचणाऱ्याची नजर शेवटच्या ओळीवर थांबते. ती ओळ शुद्ध असावी.

कोणाला 'इंग', कोणाला 'टू'

काही इंग्रजी क्रियापदांना पुढे 'इंग'च लागते. एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, माइंड, कीप, प्रॅक्टिस, सजेस्ट, गिव्ह अप. 'शी फिनिश्ड कुकिंग', तिचा स्वयंपाक करून झाला. 'कीप ट्राइंग', प्रयत्न करीत राहा.

काहींना 'टू'च लागतो. वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस, ॲग्री, रिफ्यूज, प्लॅन. 'वी होप टू विन', आम्हाला जिंकण्याची आशा आहे.

लाइक, लव्ह, स्टार्ट, बिगिन यांना दोन्ही चालते आणि अर्थात फारसा फरक पडत नाही.

ही यादी पाठ करावी लागते, त्याला इलाज नाही. पण एक धागा ध्यानात ठेवला तर सोपे जाते. 'टू' बहुधा पुढच्या, अजून व्हायच्या गोष्टीकडे बोट दाखवतो. आशा, इच्छा, वचन, बेत ही सारी पुढची बोलणी आहेत. 'इंग' बहुधा चालू असलेल्या, घडून गेलेल्या किंवा सवयीच्या गोष्टीविषयी असते. सगळीकडे हा धागा पुरत नाही, पण बऱ्याच ठिकाणी पुरतो.

जिथे चूक महागात पडते

काही क्रियापदे दोन्ही घेतात आणि अर्थ मात्र उलटापालटा होतो. स्टॉप आणि रिमेंबर ही त्यांतली मुख्य.

'ही स्टॉप्ड स्मोकिंग.' त्याने बिडी ओढणे सोडले. 'ही स्टॉप्ड टू स्मोक.' तो बिडी ओढायला थांबला. पहिल्या वाक्याने घरात आनंद होईल, दुसऱ्याने होणार नाही.

'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर.' दाराला कुलूप लावल्याचे मला आठवते. 'रिमेंबर टू लॉक द डोअर.' दाराला कुलूप लावायची आठवण ठेव. मराठीकडे पाहा. 'लावल्याचे' म्हणजे झालेले काम, तिथे 'इंग'. 'लावायची' म्हणजे व्हायचे काम, तिथे 'टू'. इथेही आपली भाषा वाट दाखवते.

त्या मुलीला आम्ही हेच तिच्या कामातले उदाहरण देऊन सांगितले. रुग्णाच्या नोंदवहीत लिहिले, 'शी स्टॉप्ड गिव्हिंग द मेडिसिन', तर अर्थ झाला, तिने औषध देणे बंद केले. लिहिले, 'शी स्टॉप्ड टू गिव्ह द मेडिसिन', तर अर्थ झाला, ती औषध देण्यासाठी थांबली. एकात औषध बंद आहे, दुसऱ्यात औषध चालू आहे. पाळी बदलून येणारी दुसरी परिचारिका ती नोंद वाचणार आणि तशी वागणार. मुलगी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, 'म्हणजे हे मार्कांसाठी नाहीच.' नाहीच. व्याकरण हे समोरच्याला आपले म्हणणे जसेच्या तसे पोहोचावे यासाठी असते.

पाली शिकणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्या घरांतली काही मुले शाळा-महाविद्यालयात पाली विषय घेतात. त्यांना एक सावधगिरीची सूचना. इंग्रजीतून लिहिलेल्या पालीच्या व्याकरणात 'गन्त्वा', 'कत्वा', 'दिस्वा' अशा रूपांना जेरंड म्हटलेले आढळते. त्यांचे अर्थ जाऊन, करून, पाहून. म्हणजे ती मराठीच्या 'ऊन' रूपाची भावंडे आहेत, 'णे'ची नव्हेत. नाव तेच, वस्तू वेगळी. इंग्रजीच्या जेरंडशी पालीतले काही जुळत असेल तर ते 'गमन', 'दस्सन', 'सवन' यांसारखे शब्द. जाणे, पाहणे, ऐकणे. ही क्रियांची नावे आहेत आणि मराठीचे 'णे'ही याच 'अन' प्रत्ययाच्या कुळातले मानतात. पाली आणि इंग्रजी या दोन्ही विषयांच्या पेपरांत हा घोळ होऊ देऊ नये.

पालकांनी काय करावे

आमच्या पिढीने मराठी शाळेत पाचवीला पहिल्यांदा इंग्रजीची अक्षरे गिरवली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवू लागले. त्यामुळे पुष्कळ घरांत असे झाले की मूल पुढे गेले आणि आई-बाप मागे राहिले. मूल इंग्रजीचे पुस्तक उघडते आणि आई म्हणते, 'मला यातलं काय कळतंय, तू तुझं कर.' आम्ही अशा मातांना विनंती करतो की, असे म्हणू नका. तुम्हाला कळते.

मुलाला म्हणा, वाक्य वाच आणि मराठीत अर्थ सांग. त्याने अर्थ सांगितला की एवढेच विचारा, 'त आहे' म्हणालास, 'णारा' म्हणालास, की 'णे' म्हणालास? मूल थबकेल, पुन्हा वाचेल, विचार करील. तुमच्या या एका प्रश्नाने जे होईल, ते मार्गदर्शक पुस्तकातली उत्तरे उतरवून होणार नाही. भांडी घासता घासता, शिवणयंत्र चालवता चालवता, भाजी निवडता निवडता हा प्रश्न विचारता येतो. त्याला पैसा लागत नाही.

तरुणांना एक सांगणे. इंग्रजी चुकण्याची लाज बाळगू नका, इंग्रजी न तपासण्याची लाज बाळगा. चूक झाली तर ती घरी घेऊन या, वहीत लिहा, कोणाला तरी विचारा. त्या मुलीने नेमके हेच केले. मुलाखतीतून रडत घरी येऊन ती झोपून राहिली असती तर तिला दोष देता आला नसता. पण ती आपले चुकलेले वाक्य शब्दशः लक्षात ठेवून विचारायला आली. आमच्या मते शिकणे म्हणतात ते याला.

घरचा अभ्यास

खालील सहा प्रश्न घरात मोठ्याने वाचा आणि सगळ्यांनी मिळून सोडवा. उत्तरे शेवटी आहेत. आधी पाहू नयेत!

१. 'थँक यू फॉर ___ मी.' कंसातला शब्द: कॉल.
२. 'माय सिस्टर वाँट्स ___ अ टीचर.' कंसातला शब्द: बिकम.
३. 'वी आर यूज्ड टू ___ बाय ट्रेन.' कंसातला शब्द: ट्रॅव्हल.
४. 'माय अंकल गेव्ह अप ___ टोबॅको.' कंसातला शब्द: च्यू, म्हणजे चघळणे.
५. निघताना आई बजावते, 'रिमेंबर ___ द लाइट.' कंसातला शब्द: स्विच ऑफ.
६. 'कुकिंग गॅस' यातला 'कुकिंग' जेरंड की विशेषण?

उत्तरे: १. कॉलिंग, कारण आधी 'फॉर' आहे. २. टू बिकम, कारण 'वाँट'ला 'टू' लागतो. ३. ट्रॅव्हलिंग, कारण 'यूज्ड टू इट' म्हणता येते. ४. च्यूइंग, कारण 'गिव्ह अप'ला 'इंग' लागते. ५. टू स्विच ऑफ, कारण काम अजून व्हायचे आहे. ६. जेरंड. गॅस स्वयंपाक करीत नाही, तो स्वयंपाक करण्याचा गॅस आहे.

जाता जाता त्या मुलीचे सांगून टाकतो. दोन महिन्यांनी तिला दुसऱ्या एका रुग्णालयातून बोलावणे आले. रात्रपाळीचा प्रश्न तिथेही निघाला. या वेळी तिने सावकाश, एकेक शब्द उच्चारून सांगितले, 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट.' समोरच्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. तिला नोकरी मिळाली. ती जेरंडमुळे मिळाली असे आम्ही म्हणणार नाही. ती मिळाली तिच्या कामामुळे आणि जागून काढलेल्या रात्रींमुळे. पण त्या रात्री समोरच्याला कळल्या, त्या एका 'इंग'मुळे.

पहिला पगार झाला तेव्हा तिची आई पेढे घेऊन आमच्याकडे आली. आम्ही सहज विचारले, 'काय मावशी, लेक रात्री कामाला जाते, काळजी वाटते का?' माउली म्हणाली, 'काळजी कसली? तिचं जाणं-येणं रुग्णालयाच्या गाडीनं असतं.' आम्ही मनात म्हटले, जाणं आणि येणं. मावशी, आत्ता तुम्ही दोन जेरंड बोललात!